गुंडाने सांगितलेला पाऊस

साताऱ्याच्या आमच्या क्लबात टेनिसची दोन कोर्टं होती आणि बावीस मेंबर होते. त्या बावीस जणांना टेनिस येत होतं असं मुळीच नाही. निम्मे लोक पांढरी विजार घालून यायचे, वेताच्या खुर्चीत बसून लिंबाचं सरबत प्यायचे आणि दुसऱ्याचा चेंडू जाळीत गेला की चुकचुकायचे. मी त्या क्लबाचा सेक्रेटरी होतो. वकिलीची सनद होती, पण पक्षकार दारात फिरकत नव्हते. अक्षर बरं होतं, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते लोढणं आवडायचं. अनंतरावांसारखा निवृत्त मामलेदार चारचौघांत 'अहो नारायणराव' म्हणून हाक मारायचा, आणि तेवढ्यावर मी दिवसभर खूश असायचो.

पण लिहायला बसलो आहे ते क्लबाचं कौतुक करायला नाही. क्लबाचा नोकर गुंडा, त्याच्याबद्दल लिहायचं आहे. रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'माळी' असं मीच लिहिलं होतं. बाग म्हणावी अशी आमच्याकडे अबोलीची चार रोपं होती. त्याचं खरं काम होतं कोर्टं राखण्याचं.

गुंडा वडूजकडचा धनगर. उंच, मोठ्या हाडाचा, आणि भर उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर घोंगडी. एकेचाळीस सालच्या मार्चमध्ये तो कामाला लागला. आमची कोर्टं शेणामातीची होती. आठवड्यातून एकदा शेणकाल्याने सारवायची, आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला विहिरीचं पाणी रॉकेलच्या डब्यांतून कावडीने आणून शिंपायचं. एकेका कोर्टाला तीस डबे. पाणी मुरलं की लोखंडी रूळ फिरवायचा आणि चुन्याच्या रेघा मारायच्या. पहिल्या दिवशी मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने पहिले दोन डबे आणले, कोर्टाच्या कडेला उभा राहिला आणि कोऱ्या जमिनीकडे बघत म्हणाला, "हितं काय पेरलंया जी?"

"काही नाही."

"मंग पानी कशापायी?"

"धुरळा उडू नये म्हणून. लोक खेळतात इथं."

तो कावड उतरवायला वाकला. मग "बरं जी" म्हणाला आणि पाणी ओतलं. ही गोष्ट मी संध्याकाळी मेंबरांना सांगितली. सगळे खो खो हसले. पुढे पाच वर्षं कुणी नवा पाहुणा आला की अनंतराव मला ही गोष्ट सांगायला लावत, आणि मी ती नकलेसकट सांगत असे. गुंडा तिथेच पलीकडे रेघा मारत असायचा.

साताऱ्यात टेनिस खेळायचं म्हणजे आभाळाची मर्जी सांभाळायची. जूनमध्ये यवतेश्वराच्या डोंगरावरून पाऊस उतरला की चार महिने कोर्टांवर शेवाळ. आम्ही व्हरांड्यात पत्ते कुटत बसायचो आणि पावसाला शिव्या घालायचो. तिकडे वडूज-दहिवडीकडे लोक त्याच पावसाची वाट बघून डोळे शिणवत असायचे. अंतर म्हणाल तर तीस-पस्तीस मैलांचं. दिवाळीनंतर आमचा खेळ पुन्हा सुरू व्हायचा. खरी बहार एप्रिल-मेमध्ये, संध्याकाळ लांबते तेव्हा. पण तेव्हा वळीव असतो. दुपारी लख्ख ऊन, पाच वाजता वारा, सव्वापाचला गारा. रॅकेटच्या तारा तेव्हा मेंढीच्या आतड्याच्या असत, भिजल्या की गेल्या. त्यामुळे पाऊस येणार का, हा आमच्या क्लबातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. महायुद्ध चालू असतानासुद्धा.

तो प्रश्न गुंडाने सोडवला. एका दुपारी मधू डॉक्टर रॅकेट घेऊन निघाले, तर हा रेघा मारता मारता म्हणाला, "येकच डाव खेळा सायेब. दुसऱ्याला सुरवात करू नगा." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. डॉक्टर हसले. पहिला सेट संपला आणि ताडताड पाऊस आला. त्यानंतर क्लबात गुंडाला विचारल्याशिवाय कुणी पिशवीतून रॅकेट काढेनासं झालं. "गुंडा, आज किती सेट?" असं विचारायचं. तो रूळ थांबवायचा, वारा तोंडावर घ्यायचा, जमिनीवर मुंग्या कशा चालल्या आहेत ते बघायचा आणि सांगायचा. पाच वर्षांत तो चुकल्याचं मला आठवत नाही. आम्ही त्याला 'वेधशाळा' म्हणायचो. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि आम्ही ते समजावून सांगितलंही नाही.

मी एकदा सहज विचारलं, हे शिकलास कुठे? तेव्हा त्याने वडिलांचं सांगितलं. त्यांच्या गावी बिरोबाची जत्रा भरते. जत्रेत देवासमोर उभं राहून यंदा पाऊस कसा होईल ते बोलायचा मान त्यांच्या घराकडे. त्याला भाकणूक म्हणतात. एका वर्षी बापाने उभं राहून सांगितलं की यंदा पाऊस नाही. गाव चिडलं. सणासुदीचं अभद्र बोलला म्हणून जत्रेत त्याला कुणी जेवायला बोलावलं नाही. पण चार घरांनी ऐकलं आणि आपली मेंढरं वेळेवर नदीकाठाला नेली. तेवढीच त्या साली वाचली.

"आमच्या घरात पावसाचं खोटं बोलत न्हाईत जी," गुंडा म्हणाला. "बाकी कशाचंबी बोलतो."

मी हसलो. तोही हसला. 

आता त्याच्या मेंढरांचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच येऊन ठेपते. तिघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा गुंडाच्या वाट्याला अकरा मेंढरं आली. अकरा मेंढरांवर घर चालत नाही. पोटासाठी कोकरं विकत गेलं की चार वर्षांत हातात काठी उरते. म्हणून त्याने ठरवलं की आपण साताऱ्याला चाकरी करायची, पगार घरी धाडायचा, आणि कोकरू एकसुद्धा विकायचं नाही. मेंढरं वडूजजवळच्या गावात त्याची बायको हरणाबाई सांभाळत होती. घरात म्हातारी सासू, मूलबाळ नाही. मेंढरं शंभर झाली की क्लब सोडायचा आणि पुन्हा धनगर व्हायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. "मंग तुमी दुसरी वेधशाळा बघा," असं एकदा तो मला म्हणाला. म्हणजे तो शब्द त्याला कळत होता. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मेंढरं बहात्तर होती. दोन वर्षांत शंभर झाली असती. 

पंचेचाळीस साली वडूजकडे पाऊस झाला नाही. आमच्याकडे झाला, भरपूर झाला. दिवाळीत आम्ही शेवाळ खरवडलं आणि खेळायला लागलो. तिकडे माघातच विहिरी आटायला लागल्या. शिमग्याला गुंडा दोन दिवस घरी जाऊन आला तेव्हा हरणाबाईला सांगून आला, मी आल्याशिवाय मेंढरं हलवायची नाहीत. त्यालाही कारण होतं. इतकी मेंढरं वाटेने न्यायची तर दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. तहानलेलं मेंढरू पाण्याचा वास आला की कुणाचं ऐकत नाही. पुढचं जिकडे गेलं तिकडे सगळी जातात.

मेच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी आमच्या क्लबाच्या मॅचेस असायच्या. सांगलीहून आठ-दहा खेळाडू येत. त्यांची उतरायची सोय, श्रीखंड-पुरीचं जेवण, चांदीचा पेला. आदल्या वर्षी नेमक्या फायनलला पाऊस आला होता. सांगलीकर दोन दिवस व्हरांड्यात बसून आमचं श्रीखंड खाऊन परत गेले आणि जाताना "साताऱ्याची हवा छान आहे" असं म्हणाले. ते अनंतरावांना फार लागलं होतं. आता सेहेचाळीसच्या मॅचेस पाच दिवसांवर आल्या, तर सलग दोन संध्याकाळी महाबळेश्वराच्या बाजूला गडगडायला लागलं. कमिटीत कुजबुज सुरू झाली, की सांगलीला तार करून मॅचेस दिवाळीनंतरच ठेवाव्यात का. तसं झालं असतं तर कोर्टं त्या दिवसापासून बंद, आणि गुंडाला दिवाळीपर्यंत सुट्टी.

त्या सोमवारी दुपारी हरणाबाई आली. दोन दिवस चालत आली होती. मी व्हरांड्यात मॅचेसचा तक्ता आखत बसलो होतो. ती फाटकातून सरळ कोर्टाकडे गेली. गुंडा कावड घेऊन येत होता. तो थांबला, पण कावड खाली ठेवली नाही.

"आवं, हिरीनं तळ गाठला," ती म्हणाली. "समद्यांची मेंढरं गेली काठाला. आपलीच तेवढी ऱ्हायली. तुमी म्हनलासा मी आल्याबिगर हलू नगंस, म्हून हलले न्हाई. आता चला."

"कुनाच्या हवाली करून आलीस?"

"आत्याबाई हायेत. घागरभर पान्यावर किती दिस राखतील?"

डब्यांतलं पाणी हिंदकळून खाली सांडत होतं. हरणाबाई त्या सांडणाऱ्या पाण्याकडे बघत होती. गुंडाने दोन्ही डबे कोर्टावर ओतले, कावड ठेवली आणि माझ्याकडे आला.

"सायेब, आठ दिसाची रजा द्या. मेंढरं माहुलीच्या काठाला आनून सोडतो आन् म्हागारी येतो."

आता इथे मी जे केलं ते नीट लिहितो. क्लबाच्या नियमांत स्पष्ट होतं की नोकराला पंधरा दिवसांपर्यंतची रजा सेक्रेटरीने आपल्या अधिकारात द्यावी. ते नियम मीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. मंडईतले दोन हमाल बोलावले असते तर रूळ फिरला असता, पाणी पडलं असतं. रेघा जरा वाकड्या आल्या असत्या, इतकंच. पण मी त्या वर्षी पहिल्यांदाच डबल्समध्ये उतरलो होतो, मधू डॉक्टरांबरोबर. मला कोर्ट गुंडाच्या हातचं हवं होतं. शिवाय ऐन मॅचेसच्या तोंडावर माळ्याला सोडलं म्हणून अनंतराव काय म्हणतील, ही धास्ती होती.

"माझ्या हातात नाही रे," मी म्हणालो. "कमिटीला विचारावं लागेल. आणि मॅचेस असताना कमिटी सोडणार नाही."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग त्या वाईट वाटण्यातून मी एक भलताच शहाणपणा केला. आवाज खाली घेऊन म्हणालो, "हे बघ गुंडा, संध्याकाळी कमिटी तुला पावसाचं विचारणार आहे. तू जर म्हणालास की शनिवार-रविवारी पाऊस आहे, तर उद्या सकाळी सांगलीला तार जाईल. मॅचेस रद्द. मग तुला रजेची गरजच नाही. कळलं का मी काय म्हणतो ते?"

त्याला कळलं. हरणाबाईलाही कळलं, ती जवळच उभी होती. तिच्या तोंडावर असा काही उजेड आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. गुंडाने मात्र मान वर करून आभाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तसं दिसाया पायजे जी," तो म्हणाला.

संध्याकाळी कमिटी बसली. अनंतराव, मधू डॉक्टर, मी आणि आणखी तिघे. गुंडाला बोलावलं. हरणाबाई व्हरांड्याच्या पायरीशी चुन्याच्या डब्यांपाशी बसली होती.

"काय वेधशाळा," अनंतराव म्हणाले, "शनिवार-रविवारचं काय? गडगडतंय ते येणार का आमच्या अंगावर?"

गुंडा अंगणात उतरला. वारा घेतला. वाकून पायाखालची माती चिमटीत धरून बघितली. मी तक्त्यावर नजर ठेवून बसलो होतो. मनातून मला खात्री होती की तो पाऊस सांगणार. कोण नाही सांगणार? बहात्तर मेंढरं, पाच वर्षांची चाकरी, बायको पायरीवर बसलेली. मी असतो तर ढगफुटी सांगितली असती.

"ह्यो वारा कोरडा हाय जी," गुंडा परत येऊन म्हणाला. "त्ये गडगडतंय त्ये तिकडंच जिरंल. आयतवार सरस्तवर हितं थेंब पडायचा न्हाई."

"शाब्बास!" अनंतरावांनी टेबलावर थाप मारली. "नारायणराव, सांगलीला तार करा, आम्ही वाट पाहतो म्हणून."

पायरीवर हरणाबाई उभी राहिली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "खरं बोललासा. आता माज्या संगं मागं कोन चालतंय, त्ये बी खरं सांगा."

"आयतवारी सांच्याला निघतो. तवर हलू नगंस," गुंडा म्हणाला.

"त्यास्नी सांगा त्ये. मेंढरास्नी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत वडूजच्या वाटेला लागली.

तो नोकरीवर लाथ मारून तिच्याबरोबर का गेला नाही, असं मला पुढे एकाने विचारलं होतं. विचारणाऱ्याचं पोट भरलेलं होतं. युद्ध संपून पलटणीतून सुटलेले लोक तेव्हा रोज साताऱ्यात काम शोधत फिरत होते. आमच्या फाटकावर दिवसाआड एक जण येऊन उभा राहायचा. गुंडाची जागा एका तासात भरली असती. आणि पगार बंद झाला की कोकरं विकायला लागायची, म्हणजे शंभर कधीच व्हायची नाहीत. त्याने मनाशी हिशोब मांडला की सहा दिवस निघतील. आणखी एक कारण होतं. त्याने मला विचारलं होतं आणि मी त्याला, माझ्या हातात नाही, असं सांगितलं होतं. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

त्या आठवड्यात त्याने कोर्टं अशी केली की तशी मी पुढे कधी पाहिली नाहीत. भेग नाही, खडा नाही, रेघ सुतात. जेवायला बसायचा नाही. रूळ एकट्याने ओढायचा. मी दोनदा त्याच्याशी बोलायला गेलो, तो "जी" म्हणून पुढे जायचा. पाऊस आला नाही. शुक्रवारी सांगलीकर उतरले, शनिवारी ऊन असं स्वच्छ पडलं होतं की त्यांचा कॅप्टन म्हणाला, अशी हवा आणि असं कोर्ट आमच्याकडेसुद्धा मिळत नाही. अनंतराव फुलून गेले.

शनिवारी चार ते साडेपाच मी आणि मधू डॉक्टर सेमीफायनल खेळलो. तीन सेट झाले, आम्ही जिंकलो. टाळ्या पडल्या. ही वेळ माझ्या लक्षात राहिली आहे, कारण नंतर मी ती दुसऱ्या एका वेळेशी ताडून पाहिली. रविवारी फायनलला सांगलीकरांनी आम्हांला पार धुतलं. बक्षीस समारंभात अनंतरावांनी गुंडाला पुढे बोलावलं, सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि त्याला एक पंचा दिला. "आमच्या वेधशाळेने एक शब्द खोटा पडू दिला नाही," असं ते म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. गुंडा पंचा हातात धरून तसाच फाटकाबाहेर गेला, वडूजच्या रस्त्याने.

तो परत आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. काय झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं, रूळ ओढता ओढता.

हरणाबाई घरी पोचली तेव्हा तीन मेंढरं मेली होती आणि विहिरीत चिखल उरला होता. तिने एक दिवस वाट पाहिली. मग एकटीच निघाली. सासूला चालवत नव्हतं. हरणाबाई पुढे चालली की मागची रस्ता सोडून बांधाला लागायची. मागे गेली की पुढची धावायची. असे दोन दिवस तिने काढले. शनिवारी दुपारी, कोरेगाव टप्प्यात आलं असताना, ती मागे राहिलेली कोकरं गोळा करत होती. वाटेला एक पडीक विहीर होती, कठडा ढासळलेली, एका बाजूने उतार असलेली. पुढच्या मेंढराला पाण्याचा वास आला. ते उतरलं. त्याच्या मागून सगळी उतरली. पाणी कमरेएवढं, खाली गाळ, आणि वरून मेंढरावर मेंढरू. ती धावत गेली तोवर उतार दिसत नव्हता, नुसती लोकर दिसत होती. पलीकडच्या वस्तीवरचे लोक दोर घेऊन आले. नऊ जिवंत निघाली.

"किती वाजले असतील?" मी विचारलं. काय म्हणून विचारलं, मलाच ठाऊक नाही.

"ऊन कलायला लागलं हुतं," गुंडा म्हणाला. "चार-पाच."

नऊपैकी चार पुढच्या दोन दिवसांत गेली. उरलेली पाच विकून हरणाबाई लोणंदला भावाकडे निघून गेली. ती त्याला एवढंच म्हणाली, की तुमी तुमचं खरं सांबाळा. त्याने तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होता?

क्लबात हे मी सांगितलं. अनंतराव म्हणाले, "अरेरे." मधू डॉक्टर म्हणाले, "मेंढरं फार मूर्ख जनावर." मग कुणीतरी बाहेर डोकावून गुंडाला नेहमीचं विचारलं, "काय वेधशाळा, आज किती सेट?"

आभाळ निरभ्र होतं. गुंडाने वर पाहिलंसुद्धा नाही. "पडंल," तो म्हणाला. "आत्ता पडंल."

सगळ्यांनी रॅकेटी पिशव्यांत घातल्या आणि छत्र्या शोधून घरी गेले. पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा "पडंल" म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. लोक चिडायला लागले, पाऊस तोंडावर आला आहे, हेच चार दिवस खेळायचे आणि हा असा घरी बसवतो. चौथ्या दिवशी यवतेश्वरावर काळंभोर झालं होतं, माझ्यासारख्यालाही दिसत होतं. अनंतरावांनी विचारलं. गुंडा म्हणाला, "न्हाई पडत. खेळा निवांत." पाच वर्षांची सवय. अनंतराव आपली विलायती रॅकेट घेऊन उतरले. अर्ध्या सेटमध्ये पाऊस असा कोसळला की त्यांना व्हरांड्यापर्यंत यायलाही सवड मिळाली नाही. रॅकेटच्या तारा गेल्या, घोटा मुरगळला. त्याच संध्याकाळी कमिटीने गुंडाला काढायचं ठरवलं. पत्र मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तो हिशोबाला आला तेव्हा व्हरांड्यात आम्ही दोघेच होतो. बाहेर झिमझिम चालू होती. मी विचारलं, "गुंडा, तुमच्या घरात पावसाचं खोटं बोलत नाहीत ना? मग हे काय केलंस?"

"पावसाचं खरं मेंढरांसाठी बोलायचं असतंय, सायेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो मला शिकवत असल्यासारखा बोलत होता. "मी त्ये तुमच्या खेळासाठी खर्चलं. आता मेंढरं न्हाईत. मंग खरं कुनासाठी ठिवू?"

माझ्या मनाला फार लागलं होतं आणि मला त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं. मी ड्रॉवर उघडला, पगाराचं पाकीट काढलं आणि मोठ्या मनाने म्हणालो, "हे बघ, यात मी पंधरा दिवसांचा पगार जास्तीचा घातला आहे. तू गावी गेलास ती भरपगारी रजा धरली. कमिटीला विचारलं नाही. माझ्या अधिकारात दिली."

त्याने पाकिटाला हात लावला नाही.

"म्हंजी रजा तुमच्याच हातात हुती?"

बाहेर दोन्ही कोर्टांवर पाणी साचायला लागलं होतं.

"हो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि पावसात उतरला. पाकीट टेबलावरच राहिलं.